इंदूरहून विमानाने: अंतर किती, उड्डाण किती आणि घरातून निघायचं कधी

इंदूरच्या मराठी घरांत पुण्या-मुंबईला जाणं-येणं बारमाही चालू असतं. कुणाची मुलगी हिंजवडीत नोकरीला, कुणाचे काका डोंबिवलीत, कुणाच्या आत्याचं ऑपरेशन पुण्यात. फोनवर विचारणा होते, "विमानाने किती वेळ लागतो गं?" आणि उत्तर ठरलेलं असतं, "सव्वा तास." या सव्वा तासाच्या भरवशावर अकराच्या मुहूर्तासाठी सकाळचं तिकीट काढलं जातं आणि मंडळी कार्यालयात पोचतात तेव्हा पंगती बसलेल्या असतात.

सव्वा तास हे उत्तर चूक नाही, ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. विमानप्रवासात तीन आकडे असतात: दोन विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर, तिकिटावर छापलेला वेळ आणि आपल्या दारापासून समोरच्याच्या दारापर्यंतचा वेळ. पहिल्यावरून दुसरा काढता येतो आणि दुसऱ्यावरून तिसरा, पण एकाच्या जागी दुसरा वापरला की सगळं नियोजन कोसळतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. मधली एखादी गाळलीत तर पुढचे आकडे जुळणार नाहीत.

## आधी हाताशी घ्यायच्या गोष्टी

कागद, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरे. तिकीट काढण्याआधी मात्र या गोष्टी लिहून ठेवा:

- पोचायचं ठिकाण, भागाच्या नावासह. "पुणे" एवढं चालणार नाही. कोथरूड, हडपसर, चिंचवड, जे असेल ते.
- तिथे किती वाजता हजर असायला हवं आणि उशीर चालतो का. घरगुती भेट असेल तर तासभर इकडेतिकडे चालेल. मुलाखत, डॉक्टरांची वेळ किंवा मुहूर्त असेल तर नाही.
- बरोबर कोण आहे. व्हीलचेअर लागणारे आजोबा किंवा तान्हं बाळ असेल तर प्रत्येक टप्प्याला वेळ वाढतो.
- सामान सोबत केबिनमध्ये न्यायचं की काउंटरवर द्यायचं.
- प्रवासाचा महिना. डिसेंबर-जानेवारीचं धुकं आणि जुलैचा पाऊस यांचा हिशोब वेगळा असतो.

जुनी माहिती वापरू नका. विमान कंपन्यांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. "मागच्या उन्हाळ्यात सकाळी सातचं विमान होतं" ही आठवण दिवाळीत उपयोगाची नाही.

## पायरी १: शहर नको, विमानतळ पक्का करा

इंदूरचा प्रश्न सोपा आहे. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ हा एकच, कोड आयडीआर. गडबड होते ती दुसऱ्या टोकाला.

मुंबईचं तिकीट काढताना कोड बघा. बीओएम म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ, आणि एनएमआय म्हणजे उलव्याजवळचा नवी मुंबईचा विमानतळ. तिथून प्रवासी उड्डाणं २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. पनवेल, खारघर, वाशीला जाणाऱ्याला नवी मुंबई बरी पडते. बोरिवलीला जाणाऱ्याने दोन-चारशे रुपये वाचवायला तिथे उतरणं म्हणजे टॅक्सीत दुप्पट घालवणं.

बीओएमवरही दोन टर्मिनल आहेत, टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला आणि टर्मिनल २ सहारला. देशांतर्गत विमानं दोन्हीकडून सुटतात, म्हणून परतीच्या तिकिटावर टर्मिनलचा आकडा पाहिल्याशिवाय टॅक्सी सांगू नका. मेट्रो ३ ची स्टेशनं दोन्ही टर्मिनलांना आहेत. दादर-गिरगावकडे जायचं असेल आणि हातात एकच बॅग असेल, तर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये मेट्रोसारखं दुसरं काही नाही.

गोव्याचंही तसंच: दाबोळी दक्षिणेला, मोपा पार उत्तरेला. दिल्लीच्या शोधात कधीकधी गाझियाबादजवळचं हिंडनही दाखवतात. पुण्यात लोहगावचा एकच विमानतळ, कोड पीएनक्यू. मात्र तो हवाई दलाचा तळ आहे आणि नागरी विमानांना तिथे मिळणाऱ्या वेळा मर्यादित असतात. त्यामुळे इंदूर-पुणे उड्डाणांच्या वेळा आपल्या सोयीच्या असतीलच असं धरून चालू नका.

तपासा: तिकिटावरचे दोन्ही तीन-अक्षरी कोड मोठ्याने वाचून घरातल्या दुसऱ्या माणसाला ऐकवा. तारीखही त्याच वेळी वाचा.

## पायरी २: हवाई अंतर काढा

बहुतेक जण गाडीचं अंतर घेतात आणि त्याला विमानाच्या वेगाने भागतात. इंदूर-मुंबई रस्त्याने सुमारे ५८५ किलोमीटर आहे. रेल्वेने अवंतिका एक्स्प्रेस सुमारे ८३० किलोमीटर फिरून जाते, कारण गाडी आधी उज्जैन-रतलामकडे, मग गोध्रा-बडोदा-सुरत असा वळसा घेते. इंदूरहून थेट मनमाडकडे उतरणारा रेल्वेमार्गच आजवर नव्हता. ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. हवाई अंतर मात्र ५०६ किलोमीटर आहे. एकाच जोडीचे हे तीन आकडे, आणि उड्डाणाच्या हिशोबात फक्त तिसरा चालतो.

तो स्वतः काढायची रीत अशी. मोबाइलच्या नकाशावर विमानतळाच्या धावपट्टीवर बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांश दिसतात.

इंदूर: अक्षांश २२.७२, रेखांश ७५.८०
पुणे: अक्षांश १८.५८, रेखांश ७३.९२

१. अक्षांशांतला फरक ४.१४ अंश. त्याला १११ ने गुणा: ४६० किलोमीटर. एवढं आपण दक्षिणेला जातो.

२. रेखांशांतला फरक १.८८ अंश. याला १११ ने गुणू नका. विषुववृत्तापासून जसजसं वर यावं तसतशा रेखांशाच्या रेषा जवळ येत जातात. माळवा आणि महाराष्ट्राच्या पट्ट्यात एक रेखांश सुमारे १०४ किलोमीटरचा. म्हणून १.८८ गुणिले १०४, म्हणजे १९६ किलोमीटर. एवढं पश्चिमेला.

३. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. शाळेतला पायथागोरसच. उत्तर ५०० किलोमीटर.

मुंबईसाठी हेच केलं तर फरक ३.६३ आणि २.९३ अंश येतात आणि अंतर ५०५-५०६ किलोमीटर निघतं. म्हणजे इंदूरहून पुणे आणि मुंबई हवेतून जवळपास सारख्याच लांब आहेत. तरी मुंबईचं विमान तिकिटावर जास्त वेळ घेतं. ते का, हे पुढच्या पायरीत येईल.

इतर जोड्यांचे आकडे: नागपूर ३८०, दिल्ली ६६३, हैदराबाद ६६८, बंगळूर १,०७८ आणि शारजा सुमारे २,०८० किलोमीटर.

हा सपाट हिशोब हजारेक किलोमीटरपर्यंत नीट चालतो. दिल्लीसारख्या उत्तरेच्या शहराला १०४ ऐवजी १०० घ्या. हजार किलोमीटरच्या बऱ्याच पलीकडे पृथ्वीची गोलाई मध्ये येते, तेव्हा विमानतळांमधलं अंतर देणाऱ्या एखाद्या वेबसाइटवर कोड टाकून आकडा घ्या. मुंबई-न्यूअर्क सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशात सर्वांत जवळची वाट पश्चिमेला आडवी जाणारी वाटते. गोलावर दोरा ताणून बघा, तो वर युरोपकडे सरकतो. विमानाचा मार्गही त्याच अंगाने आखतात.

सावध: अंतर देणाऱ्या साइट तीन एककं दाखवतात. ५०० किलोमीटर म्हणजे ३११ मैल आणि २७० सागरी मैल. विमानाचा वेगही नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलात सांगतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. अंतर मैलात आणि वेग किलोमीटरमध्ये घेतला की उत्तर सरळ चुकतं, आणि ही चूक मला शिकलेल्या माणसांत जास्त दिसते, कारण ते आकडा बघतात, एकक बघत नाहीत.

## पायरी ३: अंतरावरून तिकिटावरचा वेळ

आता नेहमीची चूक. एअरबस ए३२० स्थिर उंचीवर ताशी ८३०-८४० किलोमीटर जातं, म्हणून ५०० भागिले ८४०, झाली ३६ मिनिटं! पण तिकिटावर सव्वा तास असतो. मग "कंपन्या मुद्दाम वेळ वाढवून लावतात" असा आरोप होतो. काही मिनिटांची उशिराची सोय कंपन्या धरतात हे खरं, पण फरकाचं मुख्य कारण ते नाही.

तिकिटावर लिहिलेली सुटण्याची वेळ म्हणजे विमान हवेत झेपावण्याची वेळ नव्हे. त्या वेळी विमान उभ्या जागेवरून मागे सरकतं. पोचण्याची वेळ म्हणजे चाकं जमिनीला टेकण्याची नव्हे, तर विमान दुसऱ्या टोकाला जागेवर येऊन थांबण्याची. या पूर्ण अवधीला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात इंजिन सुरू करणं, धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, रांगेत थांबणं, चढणं, उतरणं आणि पुन्हा सरपटत जागेवर येणं हे सगळं येतं. चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसतं, आणि पाचशे किलोमीटरच्या प्रवासात पूर्ण वेगाचा भाग फार थोडा असतो.

म्हणून व्यवहारात चालणारं सूत्र असं:

जेट विमानासाठी: किलोमीटर भागिले ८००, त्याची मिनिटं करा, आणि त्यात ३५ मिनिटं मिळवा.

पुणे: ५०० भागिले ८०० म्हणजे ३७ मिनिटं, अधिक ३५, एकूण १ तास १२ मिनिटं. दिल्ली: ५० अधिक ३५, सुमारे १ तास २५. बंगळूर: ८१ अधिक ३५, सुमारे २ तास. तिकिटावर याहून पाच-पंधरा मिनिटं जास्त दिसली तर गोंधळू नका, ती गर्दीच्या विमानतळाची असतात.

एटीआरसाठी: पंख्याचं छोटं विमान असेल तर ताशी ४८० धरा आणि वर २५-३० मिनिटं. नागपूरचे ३८० किलोमीटर एटीआरने सुमारे सव्वा तास, एअरबसने तास-सव्वा तास. जवळच्या शहराला दोन्हींत फरक किरकोळ, लांबच्या शहराला मोठा. बुकिंगच्या पानावर "विमान: एटीआर ७२" असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते वाचा.

आता मुंबई. हिशोबाने १ तास १३ मिनिटं येतात, तिकिटावर बहुधा जास्त असतात. तिथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. देशातल्या सर्वांत व्यस्त विमानतळांपैकी एकाचा भार एका धावपट्टीवर. तुमचं विमान वेळेत येऊनही हवेत घिरट्या घालत बसतं. मुंबईच्या तिकिटावरची जास्तीची मिनिटं म्हणजे ह्या घिरट्या.

वाऱ्याचं म्हणाल तर, हिवाळ्यात उत्तर भारतावरून उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचे वारे वाहतात. इंदूर-पुण्याला त्याचा फरक जाणवत नाही. शारजाला जाताना मात्र वारा समोरून आणि येताना पाठीवर. त्यामुळे जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा असणं स्वाभाविक आहे. लांबच्या उड्डाणात आणखी एक गोष्ट बघावी लागते: कोणत्या देशाचं आकाश बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आकाश बंद केल्यावर दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना वळसा पडला आणि वेळ वाढला. अंतर काढणारी साइट हा वळसा धरत नाही.

तपासा: फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर विमानाचा क्रमांक टाका. मागच्या सात दिवसांत ते विमान खरोखर किती वाजता सुटलं आणि पोचलं ते फुकट दिसतं. सातपैकी चार दिवस पाऊण तास उशीर असेल तर तोच तुमचा वेळ. मला या एका तपासणीवर सूत्रापेक्षाही जास्त भरवसा आहे.

## पायरी ४: घड्याळ आणि तारीख जुळवा

देशातल्या प्रवासात घड्याळ एकच, तरी तारखेत माणसं फसतात. पुण्याची काही विमानं मध्यरात्रीच्या आसपास असतात. समजा तिकिटावर "१५ तारीख, ००:४०" लिहिलं आहे. याचा अर्थ १४ तारखेची रात्र. घरातून १४ ला रात्री साडेनऊ-दहाला निघायचं. १५ ला रात्री जेवूनखाऊन विमानतळावर गेलात तर विमान जाऊन जवळपास चोवीस तास झालेले असतात, आणि त्या तिकिटाचं मूळ भाडं सहसा परत मिळत नाही.

सावध: रात्री बारा ते पहाटे चारमधलं तिकीट असेल तर कॅलेंडरवर आदल्या तारखेला खूण करा आणि "रात्री निघायचं" असं शब्दांत लिहा.

परदेशी प्रवासात तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. दोन वेळांची वजाबाकी करून उड्डाण किती लांब ते कळत नाही. शारजा-दुबई भारताच्या दीड तास मागे आहे. उदाहरणादाखल, इंदूरहून रात्री १२:३० ला सुटलेलं, ३ तास २० मिनिटांचं विमान आपल्या घड्याळाने ३:५० ला पोचेल, पण तिकिटावर २:२० लिहिलेलं दिसेल. वजाबाकी करणारा म्हणेल, पावणेदोन-दोन तासांत दुबई! परतीला उलट होतं. तिथून रात्री ८ ला निघून ३ तासांत आलं तर तिकिटावर दुसऱ्या तारखेचे ००:३० दिसतात, म्हणजे वाटतात साडेचार तास.

रीत एकच: आधी दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा, मग वजा करा. लंडन उन्हाळ्यात साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. तो बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. न्यू यॉर्क-न्यू जर्सी साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे, पण त्यांचा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मुलाला विमानतळावर घ्यायला यायला सांगताना त्याच्या गावची वेळ सांगा, आणि ती तिकिटावरूनच वाचा, मनात गणित करून नको.

## पायरी ५: शेवटापासून उलटा हिशोब

इथवर आलात की तिसरा आकडा काढता येतो. तो सुरुवातीपासून पुढे मोजू नका. पोचायच्या वेळेपासून मागे या. पुढे मोजताना आपण प्रत्येक टप्पा मनासारखा धरतो, मागे येताना प्रत्येक टप्प्याला जागा द्यावी लागते.

समजा कोथरूडला सकाळी ११ ला हजर व्हायचं आहे आणि इंदूरहून ६:५० चं विमान मिळतं, पोचण्याची वेळ ८:०५.

१. लोहगावहून कोथरूड म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं, सकाळच्या गर्दीत १ तास १० मिनिटं.

२. विमान थांबल्यापासून टर्मिनलबाहेर कॅबमध्ये बसेपर्यंत ३० मिनिटं. काउंटरला सामान दिलेलं असेल तर ४५ धरा.

३. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर कोथरूडला ९:४५. हातात सव्वा तास शिल्लक. उशीर झाला तर तो इथून जातो.

४. इंदूरला सामान घेणारे काउंटर बहुतेक देशांतर्गत कंपन्या सुटण्याआधी ६० मिनिटं बंद करतात, आणि विमानात चढायचं गेट २५ मिनिटं आधी. तुमच्या तिकिटावर काय लिहिलंय ते बघा. म्हणजे काउंटर ५:५० ला बंद, आणि तुम्ही ५:१० ला टर्मिनलच्या दारात हवं.

५. विजयनगरहून पहाटे ४०-५० मिनिटं धरा. म्हणून ४:२० ला घर सोडायचं.

पहाटे ४:२० ते ९:४५, जवळपास साडेपाच तास. त्यात विमान हवेत असतं ते तासभरही नाही. पुण्याला रस्त्याने सुमारे सहाशे किलोमीटर, रात्रभराची बस. विमान वेळ वाचवतंच, पण निम्माच वाचवतं, आणि पहाटेची झोप घेतं. आई-वडील सत्तरीच्या पुढचे असतील तर मी मुहूर्ताच्या सकाळचं तिकीट काढू नका असंच सांगेन. आदल्या दिवशी दुपारचं काढा, रात्री पुण्यात निवांत झोपू द्या.

शहरातून विमानतळावर जाताना दिवस कोणता ते बघा. राजवाडा, जेल रोड, रामबाग भागात राहणारे बडा गणपती आणि कालानी नगरवरून एअरपोर्ट रोडला लागतात. एरवी हा रस्ता अर्ध्या तासाचा. पण रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक निघते आणि अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्यांचा चल समारोह, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक असते, तेव्हा राजवाड्याच्या आजूबाजूचे रस्ते बंद असतात. त्या दिवशी विमान असेल तर आदल्या रात्रीच शहराच्या बाहेरच्या अंगाला राहणाऱ्या नातेवाइकांकडे जा, किंवा तासभर जास्त घेऊन वळशाने जा. विजयनगर, निपानियाकडच्यांनी गावात न शिरता एमआर-१०, लवकुश चौराहा आणि सुपर कॉरिडॉरवरून यावं. ३१ मे २०२५ ला सुरू झालेल्या मेट्रोचा पहिला टप्पा गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर एवढाच आहे. तेवढ्यावर विमानतळ गाठायचं गणित बसवू नका.

मुंबईला उतरणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूचा रस्ता जास्त धरावा. डोंबिवलीला पोचायला दीड-दोन तास सहज लागतात, आणि पावसात त्याहून जास्त.

सावध: बोर्डिंग पासवर दोन वेळा असतात, चढायची आणि सुटायची. "अजून पाऊण तास आहे" म्हणून चहाच्या रांगेत उभं राहण्याआधी आपण कोणती वाचतोय ते बघा. मोजायची ती गेट बंद होण्याची वेळ.

## पायरी ६: मध्ये विमान बदलायचं असेल

इंदूरहून परदेशी जाणाऱ्या बहुतेकांना दिल्ली किंवा मुंबईला बदलावं लागतं. इथे उड्डाणाच्या वेळेपेक्षा मधला वेळ महत्त्वाचा.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असतील तर पहिलं उशिरा आल्यास पुढची सोय लावण्याची जबाबदारी कंपनीची. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण पहिलं विमान चुकलं किंवा लांबलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं देणंघेणं नसतं. अमेरिकेचं तिकीट असं बुडलं तर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट जातात. वेगळी तिकिटं काढायचीच असतील तर मध्ये सहा-सात तास ठेवा, हिवाळ्यात दिल्लीमार्गे तर एक पूर्ण रात्र. दिल्लीत १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा धुक्याचा मानलेला काळ आहे, आणि पहाटेची विमानं त्यात सगळ्यांत आधी अडकतात.

एकाच तिकिटावरही देशांतर्गत ते आंतरराष्ट्रीय बदलायला तीन तासांपेक्षा कमी घेऊ नका. टर्मिनल बदलायचं असेल, इमिग्रेशनची रांग असेल, पुन्हा सुरक्षा तपासणी असेल.

येताना आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. परदेशातून येताना भारतातल्या पहिल्या विमानतळावर, म्हणजे दिल्ली-मुंबईलाच, इमिग्रेशन आणि कस्टम होतं. बॅगेवर इंदूरची चिठ्ठी असली तरी सहसा ती पट्ट्यावरून उचलून कस्टममधून बाहेर काढावी लागते आणि इंदूरच्या विमानासाठी परत द्यावी लागते. "बॅग थेट इंदूरला येईल" या समजुतीने पुढे गेलेल्यांच्या बॅगा मागे राहतात. तिकडच्या काउंटरवर निघतानाच स्पष्ट विचारून घ्या.

## पायरी ७: आदला दिवस आणि प्रवासाचा दिवस

आदल्या दिवशी वेब चेक-इन करा आणि कंपनीकडे नोंदवलेला मोबाइल क्रमांक प्रवाशाचाच आहे ना ते बघा. एजंटाने काढलेल्या तिकिटावर पुष्कळदा एजंटाचाच क्रमांक असतो, आणि वेळ बदलल्याचा संदेश त्याच्या फोनवर पडून राहतो. हे मी अधोरेखित करून सांगते, कारण याचा संबंध पुढे भरपाईशीही आहे.

डिजियात्रा, म्हणजे चेहरा दाखवून आत जाण्याची सोय, इंदूरला सप्टेंबर २०२४ पासून आहे. ॲपवर नोंदणी घरीच, निवांतपणे करा. दारातल्या रांगेत उभं राहून आधार जोडत बसणाऱ्याचा वेळ वाचत नाही.

घरातून निघण्याच्या तासभर आधी कंपनीच्या साइटवर विमानाची स्थिती बघा, आणि तेच विमान आधी कुठून येतंय तेही. इंदूरला येणारं विमान मागच्या गावाहून अजून सुटलं नसेल तर तुमचं वेळेवर सुटणार नाही, बोर्डावर काहीही लिहिलेलं असो. तरी काउंटर मूळ वेळेनुसारच बंद होऊ शकतो, म्हणून उशीर आहे म्हणून घरी बसून राहू नका.

उशीर झालाच तर ब्लॉक टाइम इथेही लागतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला २ तास किंवा त्याहून जास्त उशीर असेल तर वाट पाहणाऱ्यांना खाणं-पिणं द्यावं लागतं. देशांतर्गत उड्डाणाला ६ तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक निवडता येतं. विमान वेळेत न कळवता रद्द झालं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर १ तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, १ ते २ तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्यावर १०,००० अशी भरपाई आहे. किंवा मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून जी रक्कम होते ती, दोन्हींत कमी असेल तेवढी. इंदूर-पुणे आणि इंदूर-मुंबई मधल्या गटात येतात. धुकं, वादळ यांसारख्या कारणांना ही रोख भरपाई लागू नाही. आणि तिकिटावर संपर्क क्रमांक दिलेला नसेल तर ती मागता येत नाही.

काउंटरवर मागणी करताना तिकीट, बोर्डिंग पास आणि उशीर कळवणारा संदेश यांचे फोटो काढून ठेवा, उशिराचं कारण लेखी मागा, आणि पैसे परत घ्यायचे की दुसरं विमान, हे घरच्यांशी बोलून ठरवल्याशिवाय कुठल्याही फॉर्मवर सही करू नका.